एकाचे होऊन राहणे : प्रस्तावना

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सुरतेच्या डिंडोलीत कानबाई बसते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लूमच्या खात्यांत कामाला आलेली कुटुंबे इथे दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. दुकानावरची पाटी गुजराती, ओट्यावरची बोली अहिराणी, पत्रिका छापायची वेळ आली की भाषा मराठी. कानबाईचे रोट भाऊबंदांतच राहतात; पण सत्यनारायणाचा शिरा, गणपतीचा मोदक शेजारच्या दारापर्यंत येतोच. त्या शेजारच्या दारावर कधी क्रूस असतो, तर कधी आतले कुटुंब महानुभाव पंथाचे असते. अशा घरी शिऱ्याची वाटी आली की क्षणभर थबकायला होते. घ्यावी का? घेऊन खावी का? नाकारली तर शेजारणीला काय वाटेल? ‘तुमना देव कोनता शे?’ असे कोणी सहज विचारते, आणि उत्तर मात्र सहज देता येत नाही.

पवित्र शास्त्रातील मूर्तिपूजेचा निषेध आणि एकाच देवाची अनन्य भक्ती हा या पुस्तिकेचा विषय. विषयाचे नाव उच्चारताच पुष्कळ वाचक पुस्तक मिटतात, याची मला कल्पना आहे. मूर्तीपुढे रोज दिवा लावणाऱ्याला वाटते, इथे आपल्याला नावे ठेवली जाणार. चर्चमध्ये वाढलेल्याला वाटते, यात नवे ते काय, लहानपणी पाठ केलेल्या दहा आज्ञांतल्या या पहिल्या दोन. दोघांनीही थोडा धीर धरावा अशी विनंती आहे. पहिल्या वाचकाच्या हे लक्षात येईल की या ग्रंथाचा सगळ्यात कडक राग स्वतःच्याच घरातल्या माणसांवर आहे. दुसऱ्याच्या हे लक्षात येईल की जे आपल्याला पाठ आहे ते आपण कधी नीट वाचलेलेच नाही.

नवख्या वाचकांनी सुरुवात दगड, लाकूड, सोने यांपासून करू नये. सुरुवात नात्यापासून करावी. अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलला सांगितले आहे की परमेश्वर एकच आहे, आणि त्याच्यावर सगळ्या मनाने, जिवाने आणि शक्तीने प्रीती करायची आहे. म्हणजे गणित आधी येते आणि लगेच प्रीती येते; एकच आहे म्हणून वाटणी नाही. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो तेव्हा मराठी कान बिचकतात, कारण आपल्याकडे ईर्ष्या हा दोष. मूळ हिब्रू शब्दात मात्र जोडीदाराचा हक्क आणि त्याची तळमळ आहे. होशेय संदेष्ट्याने तर आपला मोडलेला संसारच या शिकवणीचे उदाहरण करून टाकला. त्याच्या लेखी मूर्तिपूजा ही बुद्धीची चूक नव्हेच, ती दगाबाजी आहे. आणि दगा दिलेल्या बायकोला परत घरी आणणारा नवरा हे त्याने काढलेले देवाचे चित्र आहे. अनन्यभक्ती आणि एकनिष्ठा हे शब्द ज्यांच्या कानांवर कीर्तनातून लहानपणीच पडले, त्या मराठी वाचकाला हे समजायला टिपांची गरज पडू नये.

नाते कळले की मग सोन्याच्या वासराकडे वळा. निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात मोशे डोंगरावर गुंतलेला असतो आणि खाली लोक अहरोनाकडून वासरू करून घेतात. ते वासरू उभे केल्यावर अहरोन जाहीर करतो की उद्या परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव आहे. म्हणजे त्यांच्या मते ते दुसऱ्या देवाकडे गेलेच नव्हते. आपल्याच देवाला हाताशी येईल असे रूप देत होते. इथे दोन प्रश्न वेगळे होतात. दुसऱ्या देवाकडे जाणे हा एक. खऱ्या देवाला आपल्या सोयीच्या मापात बसवणे हा दुसरा. दहा आज्ञा मोजताना पंथापंथांत फरक पडतो तो इथेच. बहुतेक प्रोटेस्टंट परंपरांत या दोन स्वतंत्र आज्ञा धरतात, कॅथलिक परंपरा त्यांची एकच मानते आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करून दहा पुरे करते. वसईच्या आणि नगरच्या पाहुण्यांनी एकत्र बसून आज्ञा म्हणायचे ठरवले तर आकडे जुळत नाहीत, त्याचे कारण हे. जाता जाता, मोशेने जाब विचारल्यावर अहरोन काय सांगतो तेही वाचावे: सोने विस्तवात टाकले आणि हे वासरू बाहेर आले, म्हणे. शास्त्रात विनोद नसतो असे कोण म्हणतो?

प्रतिमा म्हटली की सरसकट बंदी, असेही या ग्रंथात नाही. कराराच्या कोशावर करूबांच्या आकृती घडवायला देवानेच सांगितले. रानात साप चावून माणसे मरू लागली तेव्हा पितळेचा साप करून खांबावर लावायची आज्ञाही त्याचीच. पुढे काही शतकांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. तो साप परक्यांचा नव्हता. खुद्द मोशेने घडवलेली ती वस्तू, जीव वाचवल्याची आठवण, म्हणजे त्या समाजातली सगळ्यात पवित्र ठेवच म्हणा ना. मला हा प्रसंग साऱ्या विषयाची किल्ली वाटतो.

संदेष्ट्यांचा उपहास बोचरा आहे. यशया एका सुताराची गोष्ट सांगतो. तो झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकर भाजतो, शेक घेतो, आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्यालाच ‘मला तार’ म्हणतो. यिर्मयाला मूर्ती म्हणजे काकडीच्या मळ्यातले बुजगावणे वाटते. हे वाचून शेजाऱ्याला टोमणा मारायची खुमखुमी एखाद्याला येईल, म्हणून संदर्भ लक्षात ठेवावा. यशयाच्या ग्रंथाचा तो भाग ज्यांच्यासाठी आहे ते युद्धात हरलेले, देऊळ जळालेले, बाबेलला धरून नेलेले लोक आहेत. जेत्यांच्या भव्य मिरवणुका पाहून त्यांचे मन डळमळत होते. उपहास दुबळ्यांनी बलवानांचा केला होता आणि ऐकणारे कान आपल्याच माणसांचे होते. शेंदूर फासलेल्या धोंड्यांवर आपल्या संतांनी कोरडे ओढले तेही घरातल्या माणसाच्या अधिकाराने. परक्याने तेच बोलावे आणि तसेच लागावे, असे होत नसते.

यशयाच्याच ग्रंथाचा शेहेचाळिसावा अध्याय डिंडोलीकरांनी जरूर वाचावा. बाबेलचे देव जनावरांच्या पाठीवर लादले आहेत, ओझ्याने जनावरे वाकली आहेत. आणि इस्राएलचा देव सांगतो की तुम्हाला जन्मल्यापासून मी वाहतो आहे, केस पिकेपर्यंत वाहीन. उचलावा लागणारा देव आणि उचलून घेणारा देव. उधना-जळगाव गाडीने ट्रंकेत टाक घेऊन आलेल्या आजीला या चित्राचा अर्थ कोणी वेगळा सांगायला नको. उत्पत्तीच्या पुस्तकातली राहेलही बापाचे घर सोडताना घरचे देव चोरून उंटाच्या खोगिरात लपवते. गाव सुटले की माणूस देव घट्ट धरतो. शास्त्र या भीतीची चेष्टा करत नाही. पुढे शखेमापाशी आल्यावर ते देव एला झाडाखाली पुरले जातात, इतकेच शांतपणे नोंदवते.

कर्मेल डोंगरावरचा एलीयाचा प्रसंगही शेतकऱ्याच्या अंगाने वाचावा. बआल हा पाऊस आणि पिके देणारा मानलेला देव. देशात दुष्काळ पडला आहे, एका बाजूला बआलाचे साडेचारशे संदेष्टे आणि दुसऱ्या बाजूला एकटा एलीया. लोकांनी परमेश्वराला सोडले नव्हते; पावसापुरता बआलही हाताशी ठेवला होता, इतकेच. एलीयाचा आक्षेप या दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याला आहे. कोरडवाहू शेती पाहिलेल्या खानदेशी माणसाला या लोकांविषयी कणव वाटेल, आणि वाटावी.

याच एलीयाला मराठी मुलखात एक जुने घर आहे. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांजवळ शतकानुशतके ना धर्मगुरू होता ना शास्त्राची पोथी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’. पण परमेश्वर एक आहे ही ‘शमा’ची ओळ त्यांनी हिब्रूत तोंडपाठ जपली आणि जन्म, लग्न, मरण अशा प्रत्येक प्रसंगी म्हटली. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एलियाहू हन्नाबीच्या नावाने ते पोहे, खोबरे आणि गुळासाखरेचा मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावात खडकावर एलीयाच्या रथाची खूण उमटली आहे, ही त्यांची श्रद्धा. मूर्तीला ठाम नकार देणाऱ्या संदेष्ट्याची आठवण दगडावरच्या खुणेपाशी आणि मराठी ताटातल्या मलिद्यात जपली गेली! यात विसंगती शोधण्याआधी वाचकांनी हे पाहावे की एवढी शतके, एवढ्या देवळांच्या मुलखात, एका ओळीच्या आधाराने हा लहानसा समाज एकाचाच राहिला.

मराठीला हा विचार मिशनऱ्यांनी प्रथम शिकवला असे समजणेही चुकीचे आहे. महानुभावांचे चक्रधरस्वामी मूळचे भडोचचे, म्हणजे आपल्या सुरतेच्या शेजारचेच, असे त्यांची परंपरा सांगते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ त्यांच्या तत्त्वज्ञानात वेगवेगळे आहेत. देवता आहेत, पण त्यांच्या भजनाने मोक्ष नाही. तो परमेश्वराच्या अनन्यभक्तीनेच. मराठी बायबलात ‘देव’ हे सामान्यनाम आणि ‘परमेश्वर’ हे इस्राएलच्या देवाच्या नावाच्या जागी येते, तेव्हा या जुन्या भेदाचा सूर कानाला ओळखीचा वाटतो. दोन्ही शिकवणी एकच आहेत असे मी म्हणत नाही. अवताराची कल्पना, स्थानांना नमस्कार करण्याची रीत, फरक पुष्कळ आहेत. पण डिंडोलीत जे कुटुंब कानबाई बसवत नाही ते महानुभाव असो की ख्रिस्ती, भाऊबंदांच्या पंगतीत दोघांनाही जड जाणारी गोष्ट एकच असते.

खुद्द सुरतेचा वाटाही मोठा आहे. १८१५ पासून लंडन मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्यांनी इथे राहून शास्त्र गुजरातीत आणले. आणि २२ जून १८४४ रोजी याच शहरात दुर्गाराम मेहता आणि मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी आणखी काही मित्रांसह मानवधर्म सभा स्थापन केली. दादोबा तेव्हा इथल्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. भुताखेतांवर, मंत्रतंत्रांवर, जातीवर आणि मूर्तिपूजेवर ही मंडळी तुटून पडली. ईश्वर एक आणि त्याचीच भक्ती करावी, असे दादोबांचे ‘धर्मविवेचन’ सांगते. दादोबा ख्रिस्ती झाले नाहीत. पण पुढे मुंबईत १८४९ मध्ये उभ्या राहिलेल्या परमहंस मंडळीत बाबा पदमनजी होते, ते १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि ‘यमुनापर्यटन’ लिहिते झाले. एकच प्रश्न, दोन वाटा. मराठी माणसांनी हा वाद सुरतेत बसून घातला, हे आज इथल्या मराठी शाळेतल्या मुलाला कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

आता अवघड पान. अनुवादात कनानातल्या लोकांच्या वेद्या मोडा, मूर्ती जाळा अशा आज्ञा आहेत. त्या झाकून ठेवून हा विषय शिकवणे अप्रामाणिक ठरेल. गोव्यात सोळाव्या शतकात साष्टी-बारदेशातली देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली, तेव्हा अशाच वचनांचा आधार घेतला गेला. त्याच साष्टीत राचोलला १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. मराठीवर जीव असलेल्या त्या इंग्रजाने दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या. पण त्या ऐकणाऱ्या नवख्रिस्ती लोकांच्या आठवणीत गावची पाडलेली देवळे होती. दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगाव्या लागतात. माझे मत विचाराल तर असे: त्या आज्ञा एका विशिष्ट देशाला, विशिष्ट काळी दिलेल्या आहेत, तोडण्याची मुभा म्हणून त्या कोणालाही वारसाहक्काने मिळालेल्या नाहीत. नव्या करारात पौल अथेन्समधल्या मूर्ती पाहून अस्वस्थ होतो, पण हात लावत नाही. अज्ञात देवाच्या वेदीवरचा लेख वाचतो आणि तिथून बोलायला सुरुवात करतो.

बोलायचे तर शब्द कोणते, हाही याच विषयाचा भाग. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल साध्या मराठीत आणले. त्यांचा मृत्यू १९२२ चा आणि ते भाषांतर १९२४ मध्ये पुरे छापून आले. जुन्या धर्मकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द त्यांना खटकत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी उलट केले; अभंग आणि कीर्तन हेच त्यांनी भक्तीचे वाहन केले. एकीला भीती की जुन्या शब्दातून जुना देव येईल, दुसऱ्याला खात्री की नवा देव जुन्या शब्दांतही मावेल. मला टिळक जवळचे वाटतात, पण रमाबाईंची भीती पोकळ नव्हती. आणि अशी निष्ठा एका घराला काय किमतीला पडते ते पाहायचे असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यावर नवराबायको काही वर्षे वेगळी राहिली. प्रवचनात हा हिशेब सहसा येत नाही.

मूर्ती नाही म्हणून आपण सुटलो, असे समजणाऱ्यांसाठी नव्या करारात सोय आहे. लोभ म्हणजेच मूर्तिपूजा, असे पौल कलस्सैकरांना सरळ लिहितो. देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होत नाही, असे येशू सांगतो. इफिसात पौलाविरुद्ध दंगल पेटली तीही देमेत्रिय नावाच्या सोनाराच्या पोटावर पाय आला म्हणून. देवीची चांदीची देवळे विकणे हा त्याचा धंदा होता. हिऱ्यांच्या आणि कापडाच्या या शहरात ही वचने मी पुष्कळ प्रार्थनासभांत ऐकली नाहीत. शेजाऱ्याच्या गणपतीविषयीची ऐकली.

आणि शेवटी शिऱ्याची वाटी. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत पौलाला नेमका हाच प्रश्न विचारला गेला आहे. त्याचे उत्तर एका ओळीचे नाही. मूर्तीत काही नाही, म्हणून अन्न विटाळत नाही. बाजारात मिळेल ते चौकशी न करता खा. कोणी घरी बोलावले तर वाढलेले खा. पण हे वाहिलेले आहे असे सांगून दिले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आणि पूजेच्या पंगतीत भागीदार म्हणून बसू नका. प्रत्येक वाक्यात दुसऱ्या माणसाचे मन सांभाळलेले आहे. आपल्याकडे या उत्तराचा एकच तुकडा उचलून भांडणे होतात, म्हणून वाचकांनी दोन्ही अध्याय सलग वाचावेत, आणि शक्यतो मोठ्याने.

पुस्तिकेची सुरुवात मात्र मी २ राजेच्या पाचव्या अध्यायाने केली आहे. नामान हा अरामी सेनापती. कोडातून बरा झाल्यावर तो ठरवतो की यापुढे परमेश्वराशिवाय कोणाला होम करायचा नाही, आणि बरोबर दोन खेचरांच्या ओझ्याइतकी इस्राएलची माती मागून घेतो. मग त्याला नोकरी आठवते. धनी रिम्मोनाच्या देवळात नमन करायला माझ्या हातावर टेकून जातो, तेव्हा मलाही वाकावे लागते. तेवढी क्षमा असावी, असे तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो. दसऱ्याला खात्यात मशिनांची पूजा असते, शेठ नारळ फोडतो आणि कामगार रांगेत उभे असतात. त्या रांगेतल्या ख्रिस्ती कामगाराचा प्रश्न यापेक्षा वेगळा नाही. अलीशाने त्याला खुशाल जा म्हटले. ती परवानगी होती, की नुसता निरोप, की नवख्या माणसाला दिलेला वेळ, यावर टीकाकार अजून एकमताचे नाहीत.

अध्याय सत्तावीस ओव्यांचा आहे, पाळी सुटल्यावर चहा होईपर्यंत वाचून होतो. तेवढा वाचा, अलीशाच्या त्या उत्तराविषयी तुमचे मत ठरवा, आणि मगच पान उलटा.